भर जुलैत मुंबईहून माथेरान, एका दिवसात: आधी परतीचं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलैतल्या एखाद्या शनिवारी दादरहून पहाटे निघायचं, माथेरान बघायचं आणि रात्री घरी परतायचं. बरोबर नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई. गाडी न्यावी की लोकलने जावं, मुलीला मिनी ट्रेन मिळेल का, किती पॉइंट होतील, कपडे-चपला काय घ्याव्यात, आणि सगळ्यात शेवटी, "जोराचा पाऊस लागला तर काय करायचं?"

सहल होते, अगदी छान होते. मी पावसाळ्यात मुंबई-ठाण्यातली कुटुंबं माथेरान आणि कर्जतच्या बाजूला घेऊन जातो. माझ्या गटांत लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी जास्त असतात, म्हणून तुमची विवंचना ओळखीची आहे. पण जो प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, तो मी पहिला घेतो. वर भिजण्याचं मला काही वाटत नाही, भिजायलाच तर जातोय. मला काळजी असते ती संध्याकाळी खाली उतरल्यावर घरी कसं पोचायचं याची. वेळ, वाहन, पॉइंट हे सगळं मी त्यावरूनच ठरवतो.

का ते सांगतो. माथेरान सुमारे 800 मीटर उंचीवर आहे आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटं, समुद्राच्या बाजूला पुढे आलेलं आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सपाट कोकणपट्टी ओलांडतात आणि अशा डोंगराला अडतात. तिथे हवा वर चढते, थंड होते आणि पाऊस ओतते. दादरला रिपरिप असताना वर धो धो कोसळत असतो तो यामुळे. आता हे पाणी जातं कुठे? पूर्वेकडच्या उतारांवरचं उल्हास नदीत आणि पश्चिमेकडचं गाढी नदीतून पनवेलकडे. उल्हास राजमाचीच्या बाजूला उगम पावते, कर्जत, नेरळ (माथेरानच्या पायथ्याचं स्टेशन), बदलापूर करत कल्याणकडे जाते, आणि तुमची कर्जत लोकल तिच्याच खोऱ्यातून धावते. म्हणजे दिवसभर तुम्ही ज्या पावसात मजा करता, तेच पाणी संध्याकाळी तुमच्या परतीच्या वाटेवर येऊन उभं राहू शकतं. रेल्वेने या, नाहीतर पनवेलवरून रस्त्याने या, दोन्ही वाटा याच डोंगराच्या पायथ्याने जातात.

27 जुलै 2019 ची महालक्ष्मी एक्स्प्रेस तुम्हाला आठवत असेल. कोल्हापूरला निघालेली ही गाडी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. ते पाणी उल्हासचं होतं. घाटात पडलेला पाऊस नदीतून खाली पोचायला काही तास घेतो. म्हणून माथेरानच्या बाजारात दुपारी तीनला पाऊस थांबला, थोडं ऊन आलं, तरी खाली सगळं सुरळीत आहे असं धरून चालता येत नाही.

दुसरं टोक मुंबईचं. शीव, कुर्ला, माटुंगा इथे रुळांवर पाणी आलं की मध्य रेल्वे मंदावते, कधी थांबते. नुसत्या पावसाने हे रोज होत नाही. पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की होतं, कारण पर्जन्यवाहिन्यांची समुद्राकडची तोंडं भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी तुंबून राहतं. महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी काढते. तारीख नक्की करण्याआधी ती बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण मुंबईत साधारण भर दुपारी असतं आणि संध्याकाळी ओहोटी लागलेली असते, त्यामुळे रात्री आठच्या आत परतणाऱ्याला ते फारसं आडवं येत नाही. पण उधाणाच्या दिवशी दुपारी मुंबईत जोर धरलेला असेल, तर लोकल उशिराने धावणार हे गृहीत धरा आणि घाई करू नका.

घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या पावसावर निर्णय घेऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगेन. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त 73. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढा फरक असेल, तर दादरच्या बाल्कनीतून नेरळचं काय कळणार?

मग निर्णय कसा घ्यायचा? मी आदल्या रात्री आणि पहाटे निघण्यापूर्वी, असं दोनदा हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघतो, आणि एका जिल्ह्याचा बघून थांबत नाही. तुमची वाट मुंबई, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांतून जाते, तिन्ही बघायचे. हिरवा किंवा पिवळा असेल तर निघतो. पिवळ्यात हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार' पाऊस, म्हणजे 24 तासांत साधारण 65 ते 115 मिलिमीटर, काही ठिकाणी पडू शकतो. माथेरानला जुलैत एवढं काही विशेष नाही. रायगडला नारिंगी असेल, तर लहान मूल आणि ज्येष्ठ माणूस असलेला गट मी नेत नाही. तिथे आकडा 115 च्या पुढे, 204 पर्यंत जातो. लाल असेल तर कुणालाच नेत नाही. तरुण, धडधाकट मंडळींचं काय, असं लोक विचारतात. नारिंगीत ते वर धडपडतील अशी भीती नसते हो, पण रात्र बदलापूरच्या फलाटावर काढावी लागेल, त्यात कसली सहल?

आणखी एक सवय लावून घ्या. लोकलने जाताना बदलापूर सुटलं की मोबाइल खिशात ठेवा आणि नेरळपर्यंत बाहेर बघा. भातखाचरांत पाणी असणारच, लावणीचे दिवस आहेत. ते बांधांच्या आत, शांत उभं असेल तर ठीक. बांध दिसेनासे झाले असतील, पाणी एका दिशेने वाहत असेल, गढूळ असेल आणि रुळांच्या भरावाला टेकायला आलं असेल, तर नेरळला उतरून चहा घ्यायचा आणि पुढच्या लोकलने परत फिरायचं. सकाळी साडेसातला ही अवस्था असेल, तर दिवसभराच्या पावसानंतर संध्याकाळी ती सुधारणार नाही. मुलगी हिरमुसेल हे खरं. पण सहल पुन्हा काढता येते.

आता शनिवारचं. जमत असेल तर शनिवार टाळा, मधल्या वारी एक रजा काढा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी कर्जत लोकलला ट्रेकवाल्यांची आणि धबधब्यांकडे निघालेल्या पोरांची इतकी गर्दी असते, की सासूबाईंना दादरला चढवणंच मुश्कील होईल. रविवारी त्यात मेगाब्लॉकची भर. आणि शनिवारच घ्यावा लागला, तर घरातून लवकर निघणं हा एकच उपाय आहे. महिन्याबद्दलही एक सुचवतो. तुमची सुट्टी हलवता येत असेल, तर जुलै म्हणजे आषाढातला सलग झोडपणारा पाऊस. श्रावणात, ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, दऱ्या मधूनमधून उघडतात आणि चालणंही सुसह्य होतं. धुक्यात हरवून जायचं असेल तर जुलै, डोंगर आणि धबधबे डोळ्यांनी बघायचे असतील तर श्रावण. लहान मुलांना धुकं पहिला अर्धा तास आवडतं, मग "काही दिसतच नाही" सुरू होतं. हे माझ्या गटांत दर वर्षी घडतं.

गाडी की लोकल? तुमच्या बाबतीत लोकल, आणि मला यात शंका नाही. गाडीने गेलात तरी ती माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आत रुग्णवाहिकेसारख्या वाहनांशिवाय मोटारींना बंदी आहे. म्हणजे गाडीने फायदा झाला तर नेरळ ते दस्तुरी एवढ्या सात-आठ किलोमीटरचाच. आणि नेमका हाच तुकडा पावसात अवघड. चढ एकदम अंगावर येणारा, वळणं आखूड, रस्ता अरुंद. सुट्टीच्या दिवशी एखादी गाडी वळणावर थांबली की मागची सगळी रांग चढावर उभी राहते आणि ओल्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये पुन्हा उठवायची वेळ येते. रोजची सवय नसलेल्याची क्लच प्लेट तिथेच जळते. त्या वासाने भरलेल्या वळणावर मूल आणि आजी घेऊन अडकायची गरज नाही. शिवाय दस्तुरीचं पार्किंग भरलं की गाड्या खालीच अडवतात. नेरळ स्टेशनच्या बाहेर शेअर टॅक्सी मिळतात. ते चालक दिवसातून कित्येकदा हाच घाट चढतात-उतरतात, कुठल्या वळणावर पाणी आडवं येतं हे त्यांना पाठ असतं. सासूबाईंना पुढची सीट द्या.

तरीही गाडीच नेणार असाल, तर एवढं पाळा: घाटात वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरताना न्यूट्रल करायचं नाही, आणि ढग खाली आले की दिवे डिपरवर ठेवायचे. धुक्यात अप्पर मारला की पांढऱ्या भिंतीशिवाय समोर काही दिसत नाही.

मिनी ट्रेनची मुलीला नीट कल्पना देऊन ठेवा. नेरळहून माथेरानपर्यंत डोंगर चढत जाणारी गाडी पावसाळ्यात, साधारण मध्य जून ते मध्य ऑक्टोबर, बंद असते. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली ही दोन फूट रुंदीची लाइन 1907 मध्ये सुरू झाली. डोंगर खोदून काढलेल्या कड्यांच्या कुशीतून ती जाते, आणि पावसात वरून दगड-माती येते, खालून भराव वाहून जातो. 2005 च्या अतिवृष्टीने ती उखडली आणि 2007 मध्ये पुन्हा चालू झाली. 2019 च्या पावसाने परत तोडली, मग थेट ऑक्टोबर 2022 उजाडलं. त्यामुळे पावसाळी बंदीवर कुणी नाराज होऊ नये. तुमच्या मुलीसाठी चांगली बातमी अशी, की अमन लॉज ते माथेरान ही शटल पावसाळ्यातही चालते. दस्तुरीवरून अमन लॉज स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर आहे, आणि वीसेक मिनिटांत गाडी झाडीतून तुम्हाला बाजाराच्या तोंडाशी नेऊन सोडते. फार जोराचा पाऊस असेल तर शटलही रद्द होते, म्हणून तिच्या भरवशावर वेळापत्रक घट्ट बांधू नका. तिकीट खिडकीवर एकाने आधी पुढे जाऊन उभं राहायचं, बाकीच्यांनी सावकाश यायचं.

शटल नसेल तर दस्तुरी ते बाजार अडीच-तीन किलोमीटर होतात. तरुण माणूस पाऊण तासात जातो, सासूबाईंच्या चालीने सव्वा तास धरा. चढ फारसा नाही, पण पायाखालची जमीन बघून चालावं लागतं. माथेरानची माती तांबडी, जांभ्याची. पावसात ती साबणासारखी होते. काही भागात विटांसारखे ब्लॉक बसवलेत, त्यांवर शेवाळ धरतं आणि घोड्यांच्या लिदीचा चिखल त्यावर पसरतो. मी गटाला रस्त्याच्या मधोमध चालायला सांगतो, कडेला शेवाळ जास्त असतं; घोडा आला की थांबायचं आणि डोंगराच्या बाजूला सरकायचं, दरीच्या नाही. सासूबाईंच्या हातात काठी असू दे. रबरी टोपी असलेली साधी चालण्याची काठी पुरते. आणि गुडघ्याचा पट्टा घरूनच बांधून निघा, दुखायला लागल्यावर ओल्या कपड्यांत तो बांधता येत नाही.

त्यांच्यासाठी ई-रिक्षाची सोय बघा. डिसेंबर 2022 पासून त्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं, तेव्हा भिस्त ई-रिक्षा आणि शटलवरच ठेवा. ई-रिक्षा मोजक्या आहेत, रांग असते, म्हणून दस्तुरीला पोचल्या पोचल्या आधी तिकडे चौकशी करायची. घोड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ओल्या ब्लॉकवर घोड्याचा पाय घसरताना मी बघितलाय, त्यामुळे जुलैत सहा वर्षांच्या मुलीला एकटीला घोड्यावर बसवू नये. घोडेवाले लगाम धरून चालतात, माणसं चांगली आहेत, पण निसरड्यावर त्यांचाही इलाज चालत नाही.

वेळेचं गणित मी असं मांडतो. दादरहून सहाच्या आसपासची कर्जत किंवा खोपोली लोकल, पावणेदोन तासांत नेरळ. टॅक्सी भरून दस्तुरीला साडेआठ, तिथला प्रवेश कर भरून, शटल किंवा चालत, बाजारात दहाच्या आत. नाश्ता. मग दुपारी तीनपर्यंत तुमचा वेळ. तीनला बाजारातून परत निघायचं म्हणजे निघायचंच. चारला दस्तुरी, पाचच्या आत नेरळ, सातच्या सुमारास दादर. जुलैत सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, पण वर ढगांत सहालाच अंधारून येतं, आणि अंधारात निसरड्या वाटेवर आजी आणि मूल दोघांना सांभाळणं एका माणसाला जड जातं. शिवाय कर्जत मार्गावर गाड्या अंतराअंतराने असतात. एक चुकली की फलाटावर बराच वेळ ओल्या कपड्यांत बसावं लागतं. तीनची वेळ ठेवली की एक लोकल चुकली, टॅक्सीला उशीर झाला, तरी उजेडात खाली असता. ही वेळ निघण्याआधी सगळ्यांच्या देखत ठरवा. वर गेल्यावर कुणीतरी म्हणतंच, "आता कुठे पाऊस उघडलाय, अजून एक पॉइंट करू."

त्या पॉइंटांचं. माथेरानला पॉइंट तीसच्या पुढे मोजतात, आणि तुमच्या यादीत त्यातले सात आहेत. जुलैतल्या एका दिवसात, तुमच्या गटासह, दोन किंवा तीन करा. पॅनोरमा आणि गारबट विसरा. दोन्ही लांब, उघड्यावरचे, आणि ढगात शिरल्यावर तिथून दिसणार काहीच नाही. बाजारापासून जवळचा खंडाळा पॉइंट सासूबाईंनाही जमेल. मुलीला घेऊन तुमच्या दोघांपैकी एकाने शार्लोट लेककडे जा, बाजारापासून दोनेक किलोमीटर. वाट दाट झाडीतून जाते, पाऊस थेट अंगावर येत नाही, पानांवरून ठिबकत येतो. तलाव भरला की बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं, जवळच पिसरनाथाचं देऊळ आहे, तिथे टेकता येतं. तलावात उतरू नका. गावाचं पिण्याचं पाणी आहे ते, आणि काठही निसरडे. तिथूनच इको आणि लुईझा पॉइंट जवळ आहेत. नशीब असेल तर ढगांचा पडदा दोन-चार मिनिटं सरकतो आणि समोर प्रबळगड उभा दिसतो. त्यासाठी ताटकळत थांबू नका. दहा मिनिटं द्या, नाही उघडलं तर परत फिरा.

कड्यावर दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक म्हणजे वारा दरीतून वर येतो आणि पाऊसही खालून वर येतो, छत्री उलटते. छत्री सांभाळताना माणूस दोन पावलं मागे-पुढे होतो, आणि कड्यावर तेवढंच पुरे होतं. पॉइंट जवळ आला की छत्र्या मिटायच्या. दुसरं, रेलिंगच्या बाहेरचं गवत हिरवंगार, पक्कं दिसतं, पण त्याखालची माती वाहून गेलेली असू शकते. मुलीचा हात मनगटाशी धरा, बोटांनी नाही. ओली बोटं सुटतात.

धबधब्यांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण घाटात टॅक्सीवाल्याला "इथे पाच मिनिटं थांबा" म्हणायचा मोह सगळ्यांना होतो. जून 2024 च्या अखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती खोल पाण्यात पोहत नव्हती, प्रवाहात उभी होती आणि पाणी वाढलं. वर कुठेतरी, तुम्हाला न दिसणाऱ्या ठिकाणी, जोराची सर येते आणि ते पाणी काही मिनिटांत तुमच्यापर्यंत पोचतं. खुणा असतात: स्वच्छ पाणी अचानक तांबूस होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. पण ती खूण दिसेपर्यंत मुलीला उचलून बाहेर यायला वेळ उरेलच असं नाही. म्हणून लहान मूल बरोबर असेल तर मी घोट्यापेक्षा वर पाणी येईल अशा कुठल्याही वाहत्या प्रवाहात उतरवत नाही. कर्जत तालुक्यात पावसाळ्यात काही धबधब्यांवर आणि धरणांवर बंदी आदेशही निघतात. तो लागू असेल तर वाद न घालता पुढे चला.

कपड्यांचं पटकन उरकतो. चपला-फ्लोटर नकोत, खोल नक्षीचा रबरी तळ असलेले जुने, पायाला बसलेले बूट हवेत. नवे बूट फोड आणतात आणि गुळगुळीत झालेल्या तळाचे घसरवतात. जीन्स नको, ओली झाली की जड होते आणि वाळत नाही. मुलीला आणि आजीला रेनकोट, बाजारात फिरायला एक छत्री. परतीचा एक कोरडा जोड, टॉवेल आणि मोजे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, आणि ती पिशवी दिवसभर उघडायची नाही. नेरळला टॅक्सीतून उतरल्यावर कपडे बदलायचे. ओल्या अंगाने दोन तास पंख्याखाली बसलं की मुलगी गारठते. रोख पैसे ठेवा, पावसात नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही. खाऊ पिशवीच्या तोंडाशी ठेवू नका, माकडं हातातून ओढतात.

आता "अडकलो तर?" पाऊस वाढला, शटल बंद झाली, किंवा बाजारात कळलं की बदलापूरच्या पुढे गाड्या थांबल्यात. अशा वेळी बहुतेक लोक घाईघाईने खाली उतरतात आणि नेरळ स्टेशनवर शेकडो माणसांत जाऊन अडकतात, जिथे बसायला जागा नसते आणि नेरळमध्ये खोली मिळायची मारामार. असं करू नका. लाइन बंद असल्याची खात्री झाली, तर वरच थांबा. पावसाळ्यात माथेरानची काही हॉटेलं बंद असतात, पण बाजाराजवळची बरीच चालू असतात आणि मधल्या वारी रिकामीही असतात. घरून निघतानाच अशा दोन ठिकाणांचे नंबर कागदावर लिहून घ्या आणि एका रात्रीचे पैसे वेगळे ठेवा. सासूबाईंची रक्तदाबाची किंवा इतर रोजची औषधं दोन दिवसांची घ्या, त्याच कोरड्या पिशवीत. खाली उतरल्यावर लाइन बंद झाली, तर पुढच्या गाडीची वाट बघत ताटकळण्यापेक्षा कर्जत किंवा बदलापूरला कुणी नातेवाईक, ओळखीचे असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. रस्त्याने टॅक्सी करून मुंबई गाठायचा विचार रेल्वे पाण्यामुळे थांबली असताना करू नका. तेच पाणी रस्त्यावरही असतं आणि रात्री ते किती खोल आहे हे कळत नाही.

शेवटी सासूबाईंना न्यावं की नाही, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण प्रश्नात ते जाणवतं. त्या सपाटीवर थांबत थांबत दोन किलोमीटर चालू शकत असतील, तर जरूर न्या. माझ्या गटांतल्या त्यांच्या वयाच्या बायका पावसात जेवढ्या खूश होतात तेवढं तरुण कुणी होत नाही. फक्त दिवस दोन भागांत वाटा. सकाळी सगळे मिळून बाजार आणि खंडाळा पॉइंट; मग त्यांना एखाद्या उपाहारगृहात किंवा चार तासांसाठी खोली देणाऱ्या हॉटेलात बसवा, तुमच्यापैकी एकाने त्यांच्याजवळ थांबा, दुसऱ्याने मुलीला तलावापर्यंत नेऊन आणा. उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो, म्हणून परतीला शटल किंवा ई-रिक्षा मिळेल याची तजवीज सकाळी बाजारात पोचल्यावरच करून ठेवा. आणि सपाटीवर एक किलोमीटरही जड जात असेल, तर यंदा ऑक्टोबरपर्यंत थांबा. मिनी ट्रेन नेरळपासून सुरू झाली, की त्यांना घरापासून बाजारापर्यंत जवळपास बसूनच जाता येईल आणि मुलीलाही पूर्ण डोंगर चढणारी गाडी मिळेल.